वैराच्या मैदानावरील भाकिते: अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉल आणि आपली निवडक स्मृती

#थ्रेड

१/
नोव्हेंबर सरत आला की अमेरिकेत भाकितांना ऊत येतो. ‘थँक्सगिव्हिंग’ या सणाला जोडून येणाऱ्या दिवसांत विद्यापीठांचे फुटबॉल संघ आपापल्या परंपरागत प्रतिस्पर्ध्यांशी भिडतात. मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट, अलाबामा विरुद्ध ऑबर्न, मिसिसिपी विरुद्ध मिसिसिपी स्टेट. कोण जिंकेल आणि किती गुणांनी, हे प्रत्येक चाहता आधीच मांडून ठेवतो. शेवटी मात्र बहुतेक जण एक वाक्य हमखास जोडतात: या सामन्यात हंगामातील कामगिरीला काही अर्थ नसतो, येथे काहीही घडू शकते.

२/
हे वाक्य भविष्याविषयी बोलत असले, तरी त्याचा आधार भूतकाळ आहे. ‘पूर्वी असे वारंवार घडले, म्हणून पुन्हा घडेल’ असा दावा त्यात दडलेला आहे. हा दावा तपासता येतो. आज तेच करू. आधी गाजलेले सामने पाहू, मग न गाजलेले मोजू, आणि अखेरीस मीही माझी भाकिते मांडेन. मिशिगन–ओहायो स्टेटचा सामना सहसा तेथील दुपारी बारा वाजता सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहा. जागरणाची तयारी असणाऱ्यांनी हा थ्रेड त्याआधी वाचावा.

३/
प्रथम खेळाची तोंडओळख. हे आपले पायाने खेळायचे फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल असतो आणि तो हातात धरून पळता किंवा फेकता येतो. प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की ‘टचडाउन’, त्याचे ६ गुण. त्यानंतर १ किंवा २ जादा गुणांची संधी. चेंडू लाथेने दोन खांबांमधून धाडला की ‘फील्ड गोल’, त्याचे ३ गुण. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले नाही, तर चेंडू गमवावा लागतो. म्हणून अडचणीतला संघ तो दूर लाथाडून देतो. त्याला ‘पंट’ म्हणतात. एवढे पुरे.

४/
आता मुळाकडे. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू ब्रन्झविक येथे रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झालेला सामना हा महाविद्यालयीन फुटबॉलचा आरंभ मानला जातो. प्रत्येक बाजूला २५ खेळाडू होते, चेंडू हातात घेऊन पळण्यास मनाई होती, आणि रटगर्सने ६–४ अशी बाजी मारली. आजच्या खेळाशी त्याचे साम्य फारसे नव्हते. हार्वर्ड आणि येल १८७५ मध्ये प्रथम समोरासमोर आले. त्यांचा वार्षिक सामना आजही नुसता ‘द गेम’ या नावाने ओळखला जातो. जणू दुसरा सामनाच नाही!

५/
सणाशी या खेळाची सांगड एकोणिसाव्या शतकातच पडली. थँक्सगिव्हिंगचा राष्ट्रीय दिवस लिंकन यांनी १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना जाहीर केला. पुढे येल आणि प्रिन्स्टन यांचा त्या दिवशी न्यूयॉर्क येथे होणारा सामना शहराचा मोठा सामाजिक सोहळा ठरला. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ही तारीख कायद्याने निश्चित झाली ती १९४१ मध्ये. सुट्टी, घरी परतलेली माणसे आणि हंगामाचा शेवट हे तिन्ही एकाच आठवड्यात येत असल्याने वैराचे सामनेही येथेच स्थिरावले.

६/
या वैरात रक्तही सांडले आहे. १८९४ चा हार्वर्ड–येल सामना इतका हिंसक झाला की पुढील दोन वर्षे ही लढत बंद राहिली. सेना आणि नौदल यांच्या अकादमींचा सामनाही १८९४ ते १८९८ या काळात थांबवावा लागला. १९०५ च्या एका हंगामात शालेय आणि महाविद्यालयीन मैदानांवर मिळून किमान १८ मृत्यू नोंदवले गेले. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये पाचारण केले.

७/
२५ नोव्हेंबर १९०५ रोजी युनियन कॉलेजचा हॅरोल्ड मूर न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना जखमी होऊन मरण पावला. त्यानंतर महाविद्यालयांच्या बैठका झाल्या आणि एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिलाच १९१० पासून ‘एनसीएए’ हे नाव आहे. १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास, म्हणजे ‘फॉरवर्ड पास’ला मान्यता मिळाली. हेतू असा की सर्वांनी एकाच ठिकाणी ढीग करून आदळण्याऐवजी खेळ मैदानभर पसरावा. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया यांनी तर काही वर्षे हा खेळ सोडून रग्बी स्वीकारले. आज ज्या लांब फेकीवर चाहते भाकिते बांधतात, तिचा जन्म हा असा झाला.

८/
आता गाजलेले सामने. पहिला २५ नोव्हेंबर १९५० चा, ओहायोतील कोलंबस येथील. हिमवादळ इतके भीषण की मैदानावरील रेषा दिसेनात. ओहायो स्टेटचे पारडे जड मानले जात होते. मिशिगनला संपूर्ण सामन्यात एकदाही चार प्रयत्नांत दहा यार्ड गाठता आले नाहीत. एकही पास पूर्ण झाला नाही. त्यांच्या चक ऑर्टमन याने तब्बल २४ वेळा पंट केला. तरीही मिशिगन ९–३ असा जिंकला, कारण ओहायो स्टेटचे पंट अडवूनच त्याने आपले गुण मिळवले.

९/
या सामन्याला ‘स्नो बोल’ हे नाव पडले. मिशिगन रोझ बोलला गेला. ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वेस फेसलर यांनी लवकरच राजीनामा दिला आणि १९५१ मध्ये त्यांच्या जागी वुडी हेज आले. पुढील २८ हंगाम त्या विद्यापीठाचा फुटबॉल म्हणजे वुडी हेज असे समीकरण झाले. एखादी हिमवृष्टी संस्थेच्या इतिहासाला किती वळण देऊ शकते, याचा हा नमुना. सामन्यापूर्वीच्या कोणत्याही भाकितात त्याची शक्यता मांडलेली असणार नाही.

१०/
दुसरा २३ नोव्हेंबर १९६८ चा हार्वर्ड–येल. १९०९ नंतर प्रथमच दोन्ही संघ अपराजित स्थितीत ‘द गेम’ला सामोरे गेले. येलचे पारडे जड होते. सामना संपण्यास ४२ सेकंद उरले असताना येल २९–१३ असा पुढे होता. त्या ४२ सेकंदांत हार्वर्डने १६ गुण मिळवले. निकाल २९–२९, बरोबरी. सामन्यानंतर हार्वर्डच्या विद्यार्थी दैनिकाने हार्वर्डने येलला २९–२९ असे हरवल्याचा मथळा छापला! पुढे अभिनेता म्हणून प्रसिद्धीस आलेला टॉमी ली जोन्स त्या दिवशी हार्वर्डकडून खेळत होता.

११/
त्या मथळ्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे. गुणफलक बरोबरी सांगतो. मथळा विजय सांगतो. दोन्ही समकालीन साधने आहेत आणि दोन्ही आपापल्या परीने खरी आहेत. निकाल काय लागला, हे गुणफलकावरून कळते. लोकांना काय अपेक्षित होते आणि त्या अपेक्षेचा भंग कसा जाणवला, हे मथळ्यावरून कळते. येल जिंकणार हे सर्वांनी गृहीत धरलेले नसते, तर बरोबरीला विजय म्हणण्याची गंमत कोणालाच उमगली नसती.

१२/
तिसरा, २२ नोव्हेंबर १९६९, अ‍ॅन आर्बर. ओहायो स्टेट देशात पहिल्या क्रमांकावर, लागोपाठ २२ सामने जिंकलेला. आदल्याच वर्षी त्यांनी मिशिगनला ५०–१४ असे धुऊन काढले होते. मिशिगनचे प्रशिक्षक बो शेम्बेक्लर तेथे नवखे होते, आणि ते वुडी हेज यांचेच माजी खेळाडू व सहायक होते. शिष्याच्या संघाने गुरूच्या संघाला २४–१२ असे नमवले. या सामन्यापासून १९७८ पर्यंतच्या दहा लढतींना ‘दहा वर्षांचे युद्ध’ म्हणतात. हिशेब: शेम्बेक्लर ५, हेज ४, बरोबरी १.

१३/
चौथा, २ डिसेंबर १९७२, बर्मिंगहॅम. अलाबामा अपराजित, दुसऱ्या क्रमांकावर. अखेरच्या सत्रात ऑबर्न १६ गुणांनी मागे. ऑबर्नने एक फील्ड गोल केला. मग बिल न्यूटन याने अलाबामाचा पंट अडवला आणि डेव्हिड लँगनर याने चेंडू उचलून टचडाउन केला. काही मिनिटांनी अगदी तसेच पुन्हा घडले. अडवणारा तोच, पळणारा तोच. ऑबर्न १७–१६ असा विजयी झाला. ‘पंट, बामा, पंट’ हे शब्द त्या राज्यात आजही कोणालातरी खुलवतात आणि कोणालातरी खुपतात.

१४/
पाचवा, २० नोव्हेंबर १९८२, बर्कली. चार सेकंद उरले असताना स्टॅनफर्ड २०–१९ असा पुढे गेला. मग अखेरचा चेंडू कॅलिफोर्नियाकडे गेला. त्यांच्या खेळाडूंनी तो पाच वेळा एकमेकांकडे मागे फेकत पळवला. सामना संपला असे समजून स्टॅनफर्डचे वाद्यपथक मैदानात उतरले होते. केव्हिन मोएन त्या गर्दीतून वाट काढत टचडाउनपर्यंत पोहोचला आणि एका ट्रॉम्बोनवादकावर जाऊन आदळला. कॅलिफोर्निया २५–२०. या प्रसंगाचे नाव ‘द प्ले’.

१५/
पण खरी गोष्ट नंतरची आहे. चार दिवसांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी बर्कलीच्या विद्यार्थी दैनिकाचा हुबेहूब बनावट अंक काढून वाटला. निकाल फिरवून स्टॅनफर्डला विजयी घोषित केल्याची बातमी त्यात होती! या दोन विद्यापीठांच्या सामन्याचे पारितोषिक म्हणजे एक जुनी कुऱ्हाड, ‘स्टॅनफर्ड अ‍ॅक्स’. तिच्या फलकावर दरवर्षीचे निकाल असतात. कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे असते तेव्हा १९८२ चा निकाल २०–१९ असा बदलला जातो. बर्कलीकडे परतली की पुन्हा २५–२०. ताबा ज्याचा, त्याचा शिलालेख.

१६/
सहावा, ३० नोव्हेंबर २०१३, ऑबर्न. अलाबामा सलग दोन वर्षांचा राष्ट्रीय विजेता आणि पहिल्या क्रमांकावर. गुण २८–२८. वेळ संपली असे वाटत असताना पंचांनी चित्रफीत पाहून एक सेकंद परत दिला. अलाबामाने ५७ यार्डांवरून फील्ड गोलचा प्रयत्न केला. चेंडू आखूड पडला. खांबांखाली उभ्या असलेल्या ख्रिस डेव्हिसने तो झेलला आणि संपूर्ण मैदान पार केले. ऑबर्न ३४–२८. नाव: ‘किक सिक्स’. तो एक सेकंद अलाबामानेच मागून घेतला होता.

१७/
सहा सामने सांगून झाले. एकातही वरचढ मानलेला संघ जिंकला नाही, किंवा जिंकता जिंकता राहिला. मग चाहत्यांचे वाक्य सिद्ध झाले का? नाही, कारण हे सहा मी निवडले आहेत, आणि ते माझ्यापर्यंत पोहोचले तेच मुळी निवड होऊन. ‘स्नो बोल’, ‘द प्ले’, ‘किक सिक्स’: प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे. असे नाव मिळते ते अपेक्षाभंगाला. अपेक्षेप्रमाणे घडलेल्या गोष्टीचे बारसे करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

१८/
आता निनावी सामने मोजू. १९७२ च्या त्या अद्भुत विजयानंतर ऑबर्नचे काय झाले? १९७३ ते १९८१ अलाबामा लागोपाठ नऊ वेळा जिंकला. त्या नऊंपैकी १९८१ चा सामना आवर्जून आठवला जातो तो प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांच्या विक्रमी ३१५व्या विजयामुळे. नौदलाने २००२ ते २०१५ या काळात सेनेला सलग १४ वेळा हरवले. २००१ ते २०१९ या काळातील १९ लढतींपैकी मिशिगनने ओहायो स्टेटविरुद्ध जिंकल्या केवळ दोन. ‘येथे काहीही घडू शकते’ असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे शेजारी ठेवावेत.

१९/
आणखी एक मोजणी. २००४ ते २०२४ या काळात मिशिगन–ओहायो स्टेटच्या २० लढती झाल्या (२०२० ची कोविडमुळे रद्द झाली). त्यांत १६ वेळा आधीच्या लढतीचा विजेताच पुन्हा जिंकला. ओहायो स्टेटच्या विजयांचे लांब पट्टे, मग २०२१ पासून मिशिगनचे लागोपाठ चार विजय. आधीच्या विजेत्याचे नाव डोळे मिटून लिहिणाऱ्याचे भाकीत पाचपैकी चार वेळा खरे ठरले असते. वैराच्या मैदानावर अनागोंदी असते, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

२०/
मग ही चूक केवळ खेळापुरती आहे का? आपण इतिहासाचे वाचकही हेच करतो. पानिपतावर लिहिताना आपली लेखणी पराभवाच्या कारणांकडे अशी धावते की जणू १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी ती सर्वांना दिसतच होती. असाधारण घटना लक्षात राहतात आणि निकाल ठाऊक झाला की तो अटळ वाटू लागतो. या दोन सवयी परस्परविरोधी भासतात, पण त्या एकाच मनात सुखाने नांदतात. सामन्यापूर्वी चाहता म्हणतो, काहीही होऊ शकते. सामन्यानंतर तोच म्हणतो, मला आधीच वाटले होते.

२१/
नावाजलेल्या स्मृतीच्या सावलीत काय झाकले जाते, हेही पाहिले पाहिजे. अलाबामा–ऑबर्नची लढत १८९३ मध्ये सुरू झाली आणि १९०७ नंतर ४१ वर्षे बंद राहिली. कारण क्षुल्लक होते: खेळाडूंचा दैनिक भत्ता, त्यांची संख्या आणि पंच कोठून आणायचे यावरील वाद. डिसेंबर १९४८ मध्ये लढत पुन्हा सुरू झाली तेव्हा बर्मिंगहॅमच्या उद्यानात खरोखरच एक छोटी कुऱ्हाड पुरून समेट साजरा झाला. सामना मात्र एकतर्फी ठरला: अलाबामा ५५, ऑबर्न ०.

२२/
हा समेट गोऱ्यांचा गोऱ्यांशी होता. दोन्ही संघांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता आणि पुढेही वीसेक वर्षे नव्हता. अलाबामा विद्यापीठाच्या दारात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवून उभे राहिले ते ११ जून १९६३ रोजी. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला बर्मिंगहॅमच्या चर्चमधील बाँबस्फोटात चार मुली मारल्या गेल्या. त्याच शहरात त्याच वर्षी ही लढतही झाली. गाजलेल्या सामन्यांच्या याद्यांत हे वाक्य सहसा नसते.

२३/
या विषयावरही एक लाडकी कथा आहे. १२ सप्टेंबर १९७० रोजी सदर्न कॅलिफोर्नियाच्या संघाने बर्मिंगहॅममध्ये अलाबामाला ४२–२१ असे हरवले. कृष्णवर्णीय सॅम कनिंगहॅम याने तो सामना गाजवला, आणि त्या एका रात्रीने अलाबामाचे डोळे उघडले असे सांगितले जाते. कथा सुरेख आहे. परंतु विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामाने त्या सामन्यापूर्वीच शिष्यवृत्ती दिली होती, आणि ऑबर्नने जेम्स ओवेन्सला त्याहीआधी. न्यायालये, आंदोलने आणि वर्षानुवर्षांचा संघर्ष यांचे श्रेय स्मृतीने एका सामन्याच्या पदरात टाकले.

२४/
आता खुद्द एका पैजेची गोष्ट. १९३४ मध्ये मिनेसोटाविरुद्ध खेळताना आयोवाचा कृष्णवर्णीय खेळाडू ऑझी सिमन्स याला इतक्या निर्दयपणे आदळण्यात आले की त्याला मैदान सोडावे लागले. पुढील वर्षी सामना आयोवा सिटी येथे होता. मिनेसोटाने पुन्हा तसे केले तर प्रेक्षक ते सहन करणार नाहीत, असा इशारा आयोवाचे गव्हर्नर क्लाइड हेरिंग यांनी दिला. वातावरण तापले. तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन यांनी तार करून पैज लावली: जो हरेल त्याने एक उमदे डुक्कर द्यावे!

२५/
सामना शांततेत पार पडला. मिनेसोटा १३–६ असा जिंकला. हेरिंग यांनी जिवंत डुक्कर थेट ओल्सन यांच्या कार्यालयात नेऊन दिले. त्याला ‘फ्लॉइड ऑफ रोझडेल’ हे नाव पडले आणि पुढे त्याचा कांस्यपुतळा या लढतीचे पारितोषिक झाला. आजही विजेते खेळाडू तो उचलून नाचतात. सिमन्सला मात्र एनएफएलमध्ये जागा मिळाली नाही; त्या काळी तेथे कृष्णवर्णीयांना प्रवेशच नव्हता. डुकराचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ज्याच्या जखमांमुळे ती पैज लागली, त्याचे नाव किती जणांना?

२६/
पैजेचे मोल काळानुसार बदलते, हेही ध्यानात घ्यावे. १९७२ मध्ये अखेरचा सामना हरणे म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या आशेवर पाणी. २०२४ मध्ये मिशिगनची कामगिरी सहा विजय, पाच पराभव अशी बेताची होती. त्यांनी दुसऱ्या क्रमांकावरील ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानावर १३–१० असे हरवले आणि सामन्यानंतर हाणामारीही झाली. परंतु त्याच हंगामापासून बाद फेरीत १२ संघांना प्रवेश मिळू लागला होता. ओहायो स्टेट त्या वाटेने पुढे गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरला. जुन्या व्यवस्थेत हे घडले नसते.

२७/
तर माझी भाकिते.
एक: या आठवड्याच्या अखेरीस बहुतेक लढतींत वरचढ मानलेला संघच जिंकेल, आणि त्यांतील एकही लढत दहा वर्षांनी आपल्याला आठवणार नाही.
दोन: अलाबामा–ऑबर्नचा सामना कोठे आहे ते आधी पाहा. २०१४ ते २०२४ या काळात टस्कलूसा येथील सहाही लढती अलाबामाने जिंकल्या. २०१३ ते २०२३ या काळात ऑबर्न येथील सहांत मात्र बरोबरीचा हिशेब, ३–३. टस्कलूसात मी निःशंकपणे अलाबामाचे नाव लिहीन. ऑबर्नमध्ये तेच लिहीन, पण पैज लावणार नाही.

२८/
तीन: मिशिगन–ओहायो स्टेटमध्ये क्रमवारी एका संघाकडे आणि आधीचा विजय दुसऱ्याकडे असेल, तर मी आधीच्या विजेत्याच्या बाजूने उभा राहीन. वर मोजलेल्या २० लढती एवढे तर सांगतातच.
चार: कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे गेली, तर १९८२ चा निकाल बदलेल. हे माझे सर्वांत खात्रीचे भाकीत.
पाच: एखाद्या ठिकाणी सारे अंदाज कोसळतील. रविवार उजाडण्यापूर्वी त्या सामन्याला नाव मिळालेले असेल, आणि ते कोणते हे मला आज सांगता येत नाही.

२९/
शेवटी एक विनंती. सामन्यानंतर सांगितलेल्या आठवणी विपुल असतात, पण त्यांना निकालाचा रंग लागलेला असतो. सामन्यापूर्वी, तारखेसह लिहून ठेवलेले भाकीत मात्र वेगळे साधन आहे. ते चुकले तरी त्याचे मोल उणावत नाही. त्या दिवशी माणसांना काय शक्य वाटत होते, कशाची भीती होती, कोणाला कोणी हलके लेखत होते, हे त्यातच शिल्लक राहते. १९६८ चा तो मथळा आज आपल्याला कळतो, कारण येल जिंकणार असे लोकांना वाटत होते हे नोंदलेले आहे.

३०/
तेव्हा आपापली भाकिते आजच लिहून ठेवा, तारखेसह. रविवारी ती खोडू नका. चुकलेली अधिक जपून ठेवा. आणि कोणी फ्लॉइडच्या पुतळ्याचे छायाचित्र पाठवले, तर ऑझी सिमन्सचे नावही सोबत सांगा.

(समाप्त)